जुन्या मोटरहोमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे मोठे व्ही-८ पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि वर घराएवढे ओझे, अशा १९७० ते १९९० च्या दशकांतल्या मोटरहोमसाठी ही माहिती आहे. चासी शेवरोले पी-३० असो, फोर्ड ई-३५० किंवा एफ-५३ असो, नाहीतर डॉजची. गिअरबॉक्स तापण्याची कारणे फारशी बदलत नाहीत.

गिअरबॉक्समध्ये एवढी उष्णता येते कुठून?

बरीचशी टॉर्क कन्व्हर्टरमधून. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडी जोड नसतो, ऑइल असते. इंजिनाच्या बाजूचा पंखा ऑइल ढकलतो आणि त्या ऑइलच्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद ऑइल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना हा फरक थोडाच असतो. चढावर, जड गाडी, पाय खाली आणि वेग घटत चाललेला अशा वेळी तो झपाट्याने वाढतो. कन्व्हर्टरमधून १०० किलोवॅट ताकद जात असेल आणि तिच्यातली १० टक्के जरी घसरणीत गेली, तरी १० किलोवॅट उष्णता झाली. म्हणजे हजार वॅटचे दहा हीटर दहा-बारा लिटर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्यासारखे.

क्लच प्लेटा घसरल्या तरी उष्णता होते, पण ते दुखणे वेगळे. तिथे उष्णता कमी आणि नुकसान जास्त.

म्हणूनच काही विकत घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: उष्णता जास्त तयार होते आहे, की ती बाहेर निघत नाही? उष्णता जास्त होत असेल आणि तुम्ही नुसता मोठा कूलर लावलात, तर ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

किती तापमान चालते?

चेंबरमधले (गिअरबॉक्सच्या तळाच्या पत्र्याच्या भांड्यातले) ऑइल ८० ते ९५ अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. लांब घाटात ते ११० पर्यंत गेले आणि माथ्यावर पोचल्यावर खाली आले, तर चिंता नको. ११५ च्या पुढे साध्या खनिज ऑइलचा वार्निशसारखा थर व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलण्यासाठी ऑइल वळवणाऱ्या झडपांच्या भागात) बसू लागतो. १२५-१३० ला ऑइल सील कडक होतात. १४५ च्या आसपास प्लेटा घसरू लागतात आणि तिथून पुढचा खर्च पूर्ण गिअरबॉक्स उघडण्याचाच. ८० च्या वर दर ११ अंशांना ऑइलचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम या धंद्यात सगळे वापरतात. आकडा अगदी काटेकोर नसला तरी दिशा बरोबर आहे.

तापमापक कुठे बसवावा?

आधी तो बसवा, बाकीचे नंतर. जुन्या मोटरहोमच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा काटा बहुधा नसतोच, आणि इंजिनाच्या काट्यावरून गिअरबॉक्सचे काहीच कळत नाही.

सेन्सरसाठी दोन जागा आहेत. एक चेंबरमध्ये: चेंबरच्या बाजूला भोक पाडून त्यावर १/८ इंच एनपीटी (पाइपच्या निमुळत्या) आट्यांचा बुश वेल्ड करायचा. आत फिल्टर आणि व्हॉल्व्ह बॉडी आहे, म्हणून सेन्सरचे टोक कुठे येईल ते मोजल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. दुसरी जागा कूलरकडे जाणाऱ्या नळीवर, टी-जोड लावून. चेंबरचा काटा सावकाश हलतो आणि गिअरबॉक्सची खरी तब्येत दाखवतो. नळीवरचा काटा कन्व्हर्टरमधून आत्ता निघालेल्या ऑइलचे तापमान दाखवतो. चढावर तो काही सेकंदांत १३० वर जाऊन परत येईल आणि नवखा माणूस घाबरेल. वरचे सगळे आकडे चेंबरचे आहेत. एकच सेन्सर बसवणार असाल तर चेंबरमध्येच बसवा. टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तर एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा चुकीचे दाखवतो, एवढे लक्षात ठेवा.

माझ्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे, आणि त्याचे दुखणे काय?

जीएमचा टीएच-४००: तीन गिअर, लॉकअप (वेग स्थिरावल्यावर कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे एकत्र जोडून घसरण थांबवणारा क्लच) नाही, दणकट. याचा दुबळा भाग म्हणजे बाजूला लावलेला व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे रबरी नळीने इंजिनाला जोडलेली आणि इंजिनावरच्या भाराप्रमाणे आतला दाब ठरवणारी डबी. आतला पडदा फाटला की इंजिन त्या रबरी नळीतून गिअरबॉक्सचे ऑइल ओढून जाळते. बाहेर एक थेंब दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पातळी घटत जाते, पंप हवा ओढू लागतो, प्लेटा घसरतात आणि गिअरबॉक्स तापतो. नळी काढून आत बोट फिरवा. ऑइल लागले तर मॉड्युलेटर बदला. काम एका बोल्टाचे आहे.

फोर्डचा सी-६: यालाही तीन गिअर, लॉकअप नाही आणि व्हॅक्यूम मॉड्युलेटर आहे. वरचीच तपासणी.

क्रायस्लरचा ७२७ टॉर्कफ्लाइट: इथे मॉड्युलेटर नाही, कार्ब्युरेटरपासून खाली येणारा थ्रॉटल रॉड आहे. पेडल जितके दाबाल तितका तो आतला दाब वाढवतो. कार्ब्युरेटर बदलताना हा रॉड कोणी सैल सोडला असेल, तर पूर्ण पेडलवरही दाब कमीच राहतो आणि काही तासांत प्लेटा जळतात. लवकर आणि मऊ बदलणारे गिअर छान वाटतात, पण या गिअरबॉक्समध्ये ते धोक्याचे लक्षण आहे. हलक्या मोटरहोममधल्या टीएच-७००आर४ ची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल हेच काम करते आणि चुकीची लावली तर तशीच मारते.

१९८९ पासूनचा फोर्ड ई४ओडी आणि १९९१ पासूनचा जीएमचा ४एल८०-ई: दोघांना चार गिअर, लॉकअप आणि कॉम्प्युटर. इथे दाब किती द्यायचा हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडला ते मोजणारा) सांगतो. त्याचा सिग्नल मध्येच तुटत असेल तर गिअर अकारण वर-खाली होतात आणि लॉकअप सुटतो. हजारो रुपयांचा कूलर लावण्याआधी हा स्वस्त सेन्सर तपासा.

चढावर नेमके कसे चालवायचे?

गिअर लवकर खाली घ्या. तिसऱ्यात इंजिन कण्हत असताना पेडल दाबत राहणे हा गिअरबॉक्स तापवण्याचा हमखास मार्ग. टीएच-४०० च्या तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.०० आणि दुसऱ्याचे १.४८ आहे (सी-६ आणि ७२७ चेही जवळपास हेच). दुसऱ्यात घेतले की चाकांना तेवढाच जोर देण्यासाठी कन्व्हर्टरवर पडणारा भार सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. त्यामुळे घसरण आणि उष्णता दोन्ही घटतात. वर इंजिनाचा फॅन आणि पाण्याचा पंप जोरात फिरतात, तो फायदा वेगळा. मोठ्या पेट्रोल व्ही-८ ला ३,००० ते ३,५०० आरपीएमवर बराच वेळ चालायला काहीच होत नाही. होतो तो आवाज. इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधोमध असल्यामुळे तो फार वाटतो, आणि नेमके त्यालाच घाबरून लोक गिअर वर टाकतात.

चढ समोर दिसला की वेग पडण्याची वाट न पाहता, पायथ्याशीच गिअर खाली घ्या. ओव्हरड्राइव्ह (१.०० पेक्षा कमी गुणोत्तराचा सर्वात वरचा गिअर) असलेल्या गाड्यांत तो आधी बंद करा. ई४ओडी चा चौथा गिअर ०.७१ आहे. चढ-उतारांच्या रस्त्यावर तो तिसऱ्या-चौथ्यात घुटमळत राहतो, आणि दर वेळी लॉकअप सुटून पुन्हा लागेपर्यंत ऑइल तापते. मागे दुसरी गाडी ओढत असाल, किंवा समोरून जोराचा वारा असेल, तर सपाटीलाही ओव्हरड्राइव्ह बंद ठेवणे शहाणपणाचे.

लॉकअप लागतो आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

गाडी पूर्ण गरम करा. सपाट रस्त्यावर ८० च्या आसपास वेग स्थिर ठेवा. उजवा पाय पेडलवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेकचे दिवे लागण्याइतकाच. लॉकअप लागलेला असेल तर आरपीएम काहीशे वर उडी मारेल आणि पाय काढल्यावर थोड्या वेळात परत खाली येईल. काहीच फरक पडला नाही तर लॉकअप लागतच नाही. ब्रेक स्विच, वायरिंग, सॉलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) या क्रमाने शोधा. टीएच-४०० आणि सी-६ वर ही चाचणी करून उपयोग नाही, तिथे लॉकअप मुळातच नाही.

काटा ११५ च्या वर गेला. आता?

प्रथम गिअर खाली घ्या आणि पेडल थोडे सोडा. बऱ्याचदा एवढ्यानेच काटा खाली येतो. नाही आला तर सुरक्षित जागी थांबा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि इंजिन १,२०० ते १,५०० आरपीएमवर चालू ठेवा. चार-पाच मिनिटांत फरक दिसला पाहिजे. इंजिन बंद केले की पंप थांबतो, आणि गरम ऑइल कन्व्हर्टरमध्येच कोंडून राहते.

पार्कमध्ये का नाही? ७२७ च्या जुन्या रचनेत पार्कमध्ये कन्व्हर्टरला आणि कूलरला ऑइल जात नाही. त्याची ऑइल पातळीही न्यूट्रलमध्येच मोजतात, ती याच कारणाने. बाकीच्यांना पार्क चालतो, पण एकच सवय ठेवलेली बरी.

गाडी मागे घेताना काटा इतका का चढतो?

वारा नाही, वेग नाही आणि कन्व्हर्टर जवळजवळ पूर्ण घसरतो आहे. चढावर किंवा गाडी सपाट करण्याच्या ठोकळ्यांवर इंचाइंचाने चढवताना एका मिनिटात जेवढी उष्णता होते, तेवढी महामार्गावर बऱ्याच वेळात होत नाही. दोन-तीन प्रयत्न झाले की न्यूट्रलमध्ये थांबा. आणि उतारावर मागे घसरणारी गाडी पेडलने धरून ठेवू नका. त्यासाठी ब्रेक आहे.

जास्तीचा ऑइल कूलर कोणता आणि कसा लावायचा?

मूळ कूलर रेडिएटरच्या टाकीत असतो, त्यामुळे ऑइल टाकीतल्या पाण्यापेक्षा थंड होऊच शकत नाही. पाणी १०० अंश असेल तर ऑइल त्याहून वरच. म्हणून जड गाडीला हवेवर चालणारा वेगळा कूलर हवाच.

प्लेटांच्या थरांचा कूलर घ्या. वाकड्या नळीवर पत्रे चढवलेला स्वस्त कूलर त्याच आकारात बराच कमी उष्णता काढतो आणि जाड, थंड ऑइलला अडथळाही जास्त करतो. कूलरवर लिहिलेली वजनमर्यादा गाडीच्या भरलेल्या वजनापेक्षा वरची हवी. ओढत असाल तर गाडी आणि ट्रेलर दोघांचे मिळून वजन धरा.

जोडणीचा क्रम असा: गिअरबॉक्समधून रेडिएटरच्या टाकीत, तिथून नव्या कूलरमध्ये आणि मग परत. रेडिएटरचे कनेक्शन काढून टाकू नका. थंडीत तोच ऑइल गरम करतो आणि वारा नसताना तोच कामाला येतो. परतीची नळी ओळखायला इंजिन थंड असताना सुरू करा आणि दोन्ही नळ्यांना हात लावा. आधी गरम होते ती जाणारी, दुसरी परतीची.

कूलर रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या पुढे, एक-दोन सेंटिमीटर फट ठेवून, लोखंडी पट्ट्यांवर बसवा. रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या मोटरहोमच्या थरथरीत हळूहळू नळी कापतात. कूलरची तोंडे वर किंवा बाजूला असू द्या. होज पाइप ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीच बनवलेला घ्या, एसएई जे-१५३२ असे छापलेला. साधा पेट्रोलचा पाइप गरम ऑइलने फुगतो आणि निसटतो. लोखंडी नळीवर होज चढवताना तिच्या टोकाला उंचवटा काढून घ्या, नुसत्या गुळगुळीत नळीवर क्लॅम्प टिकत नाही. तांब्याची नळी वापरू नका, थरथरीने ती तडकते.

पुढे जागा नसेल तर चासीच्या पट्टीवर स्वतःचा पंखा असलेला कूलर लावा, सुमारे ८० अंशांना चालू होणाऱ्या स्विचसह. सायलेन्सरपासून लांब आणि खडी उडणार नाही अशा ठिकाणी.

गिअरबॉक्स एकदा जळून दुरुस्त झाला असेल तर जुना कूलर धुऊन परत लावू नका. आतल्या अरुंद वाटांत अडकलेला प्लेटांचा चुरा पूर्ण निघत नाही, आणि नव्या गिअरबॉक्सला तो पुरेसा असतो.

कूलर लावला, तरी तापतोच. मग?

आधी ऑइल वाहते आहे का ते पाहा. परतीची नळी गिअरबॉक्सजवळ सोडून मोजमापाच्या भांड्यात धरा, आणि मदतनिसाला गरम इंजिन आयडलवर सुरू करायला सांगा. २० सेकंदांत साधारण एक लिटर यायला हवे. ३० सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, पातळी घटेल. प्रवाह फारच कमी असेल तर नळी कुठे चेपली आहे, रेडिएटरची टाकी तुंबली आहे की पंप थकला आहे, ते शोधा. जॅक चुकीच्या जागी लावल्याने चेपलेल्या नळ्या कल्पनेपेक्षा जास्त सापडतात.

मग बाकीचे: फॅन क्लच (फॅनला इंजिनाशी जोडणारा भाग) ढिला झाला आहे का, फॅनभोवतीचे आवरण शाबूत आहे का, रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मध्ये किडे आणि गवत साचले आहे का. सायलेन्सरची नळी चेंबरच्या किंवा ऑइल नळ्यांच्या अगदी जवळून जात असेल तर मध्ये पत्रा लावा. आणि ब्रेक: वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत एखादे कॅलिपर चिकटलेले असते. दहा किलोमीटर चालवून चाकांचे हब दुरून तपासा. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर गिअरबॉक्स सारा वेळ ब्रेकशी झुंजतो आहे.

खोल चेंबर लावला तर?

दोन-तीन लिटर ऑइल जास्त मावते, त्यामुळे तापायला वेळ लागतो. लांब घाटात शेवटचा आकडा तोच येतो. लावायचा तर लावा, पण कूलरच्या ऐवजी नाही. फिल्टर खाली सरकवणारा तुकडा सोबत आहे ना ते पाहा, आणि जमिनीपासूनची उंचीही.

कोणते ऑइल, किती आणि कधी?

टीएच-४०० आणि ४एल८०-ई ला डेक्सरॉन (हे आणि पुढची नावे गिअरबॉक्स ऑइलच्या प्रकारांची). आज मिळणारे डेक्सरॉन-६ दोघांना चालते. ई४ओडी ला मर्कॉन, आता त्याच्या जागी मर्कॉन-५. सी-६ मध्ये गाडीचे साल महत्त्वाचे: १९७६ पर्यंत टाइप-एफ, पुढच्यांना वेगळे. डिपस्टिकवर आणि माहितीपुस्तिकेत लिहिलेले अंतिम.

जड मोटरहोमला ३०,००० ते ४०,००० किलोमीटरला किंवा दोन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर बदला. चेंबर उतरवला की टीएच-४०० मधून चारेक लिटर निघते. बाकीचे सहा-सात कन्व्हर्टर आणि नळ्यांमध्ये राहते. ई४ओडी च्या कन्व्हर्टरला निचऱ्याचा बोल्ट असतो, तो वापरा. चेंबरमध्ये चुंबकावर चिकटलेला राखेसारखा बारीक गाळ नेहमीचा. चकाकणारे कण किंवा काळे तुकडे दिसले तर तिथेच थांबून विचार करा. चेंबरचे बोल्ट साधारण १५ न्यूटन-मीटरनेच आवळा. जोर लावला की पत्रा वाकतो आणि गळती सुरू होते.

भरताना आधी मोजून काढले तेवढेच घाला. मग सपाट जागी, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून, १५-२० किलोमीटर चालवून गरम असताना पातळी पाहा. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये बहुधा फक्त अर्धा लिटर असते. जास्त भरलेले ऑइल फिरणाऱ्या भागांना लागून फेसाळते, फेसाला दाब धरता येत नाही, प्लेटा घसरतात. कमी भरल्याने जे होते, तेच जास्त भरल्यानेही.

ऑइलच्या रंगावरून काय समजते?

लाल: ठीक. तपकिरी, पण जळका वास नाही: जुने झाले, बदला. काळपट आणि जळक्या टोस्टसारखा वास: प्लेटा जळल्या आहेत, नवे ऑइल त्या परत आणणार नाही. दुधाळ गुलाबी: रेडिएटरच्या टाकीतला कूलर फुटून पाणी आत आले आहे. गाडी ताबडतोब बंद करा. पाण्यामुळे प्लेटांवरचे अस्तर फुगून सुटते, त्यामुळे ऑइल बदलून वेळ मारून नेता येत नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागतो, आणि रेडिएटरही बदलावा लागतो.

वजनाने किती फरक पडतो?

चढावर लागणारी ताकद वजनाच्या प्रमाणात वाढते. टाकीतले २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. मुक्कामी पाणी मिळणार असेल तर भरलेली टाकी घाट चढवून नेण्यात काय मिळते? पूर्ण भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक अॅक्सलचे वजन घ्या. पुष्कळ जुन्या मोटरहोम मालकाच्या अंदाजापेक्षा जड निघतात. टायर मूळ मापापेक्षा मोठे घातले असतील तर तेही चढाला भोवतात.

उतरताना बोनेटखालून धूर आणि गोड-जळका वास येतो. आग लागेल का?

लागू शकते. गरम ऑइल फुगून व्हेंटमधून (गिअरबॉक्सची हवा सोडणाऱ्या नळीतून) किंवा डिपस्टिकच्या नळीतून बाहेर येते आणि सायलेन्सरवर पडते. लगेच थांबा, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना बाहेर काढा. इथे थंड होण्यासाठी इंजिन चालू ठेवण्याचा नियम लागू नाही. थंड झाल्यावर पाहा: पातळी जास्त आहे का, डिपस्टिक नीट बसली आहे का, व्हेंटची नळी तुटून सायलेन्सरकडे वळली आहे का.

सहा महिने उभी असलेली गाडी काढताना?

कन्व्हर्टरमधले ऑइल चेंबरमध्ये उतरलेले असते, त्यामुळे इंजिन बंद असताना डिपस्टिक फार वर दाखवते. ते पाहून ऑइल काढू नका. इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये एक-दोन मिनिटे चालू द्या, मग पातळी पाहा. पुढच्या जाळीमागे हात घाला: उंदीर कूलरच्या मागे घरटे करतात. मॉड्युलेटरची रबरी नळी दाबून पाहा, कडक होऊन तडकली असेल तर तेवढा तुकडा निघण्याआधीच बदला.